गुळण्या न केलेले तीन आठवडे

जालन्यातल्या दातांच्या दवाखान्यात सुमेधा नंबरची वाट बघत बसली होती. तेवढ्यात एका तरुणाने तिच्यापुढे इवलीशी बाटली धरली.

"मॅडम, यात थोडी... लाळ देता का?"

ती तोंडावर रुमाल धरून हसली. दातांना तारा बसल्यापासून ती अशीच हसायची.

तो राजानंद, केदारखेड्याचा. रसायनशास्त्रात संशोधन करत होता. माउथवॉशमुळे दातांच्या तारांमधलं निकेल किती सुटतं, ते त्याला मोजायचं होतं. सुमेधा वाटूरच्या शाळेत शिकवायची. ती तयार झाली – रोज दोनदा गुळण्या आणि दर शनिवारी एक बाटली.

"रुमाल कशाला?" एका शनिवारी त्याने हळूच विचारलं.

"तारा दिसतात."

"मी त्याच तर बघून राह्यलो," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला. त्या दिवसापासून रुमाल पर्समध्येच राहू लागला.

पाचव्या आठवड्यात तिचं तोंड आलं. माउथवॉश झोंबायचं. तिने गुळण्या बंद केल्या, पण त्याला सांगितलं नाही. प्रयोगाच्या यादीतून नाव गेलं तर भेटायचं कशाच्या निमित्ताने?

आठव्या शनिवारी राजानंद कागद पुढ्यात घेऊन सुन्न बसला होता.

"तुमचा निकेलचा आकडा एकदम खाली आला. तीनदा तपासलं. माझंच काहीतरी चुकलं. सर म्हणतात, सगळं पहिल्यापासून कर."

सुमेधाला राहवेना. "तुमचं न्हाई चुकलं. तीन आठवडे मी गुळण्याच केल्या न्हाईत. तोंड आल्तं."

"मंग सांगायचं ना. लगेच थांबवलं असतं तुम्हाला."

"थांबवलं असतं... म्हणूनच न्हाई सांगितलं."

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग त्याने यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. तिचे डोळे भरून आले.

"चिडलात?"

"चिडलो. तीन रात्री झोपलो न्हाई मी." पेनाला टोपण लावताना त्याचा आवाज मऊ झाला. "पण यादीतल्या माणसाला चहाला विचारायचं न्हाई, असं मीच ठरवलं होतं. दोन महिने कसेबसे काढले... तोंड बरं आहे का आता?"

"बरंचसं. चहा कोमट लागेल."

"मंग कोमट होईस्तोवर बसू," तो म्हणाला. "मला जल्दी न्हाई."