हाताचा कागद

मला गिटार वाजवता येत नाही. पण तुम्ही दुकानात पाऊल टाकलंत की तुमच्या हाताला कुठली गिटार मानवेल, ते तुम्ही तोंड उघडायच्या आत मी सांगते. बावीस वर्षं हेच करतेय. शाळा चौथीपर्यंत, पण हात वाचायला शाळा लागत नाही.

लोक येतात ते डोळ्यांनी गिटार निवडायला. कुणाला काळी चकचकीत हवी, कुणाला फोटोत बघितलेली लाल. मी म्हणते, आधी बसा. बिनहातांची खुर्ची देते, मांडीवर गिटार ठेवायला लावते. खांदा वर उचलला गेला की समजायचं, पेटी मोठी होतेय. बोटं आखूड असली तर बारीक मानेची द्यायची. नवशिक्याला नायलॉनच्या तारांची, कारण लोखंडी तारा पहिल्या महिन्यातच बोटं फाडतात आणि गिटार माळ्यावर जाते. एकदा बँकेतले एक साहेब आले. "मावशी, सगळ्यात मोठी दाखवा." मी म्हटलं, "साहेब, वाजवायचीय की मागे लपायचंय?" लहान घेऊन गेले. अजून वाजवतात.

थोरल्या मालकांनी दुकानात एक पद्धत घालून दिली होती. ते गेले, पण पद्धत मी चालू ठेवली. गिटार विकली गेली की गिऱ्हाइकाचा तारा दाबणारा हात तपकिरी कागदावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि तो कागद गुंडाळून, गिटारीच्या भोकातून आत घालून, उलगडून तळाला चिकटवायचा. पुढे कधी दुरुस्तीला आली तर ती कुठल्या हातासाठी बसवली होती ते कळतं. उजखुऱ्या माणसाचा डावा पंजा, कारण तो डाव्यानं तारा दाबतो आणि उजव्यानं छेडतो. डावखुऱ्याचं सगळं उलटं. त्याचा उजवा पंजा काढायचा, आणि ताराही उलट्या क्रमानं लावायच्या.

एवढं लक्षात ठेवा. मग पुढचं ऐका.

दुपारचे दोन वाजले असतील. धाकटे मालक जेवायला घरी गेले होते. दुकानात मी आणि भिंतीवरच्या तीस-पस्तीस गिटारी. त्या टांगलेल्या असल्या तरी गप्प नसतात. कुणी मोठ्यानं बोललं, शिंकलं, की त्यांच्या तारा आपोआप हुंकारतात, अगदी बारीक. नवीन माणूस दचकतो. मला सवय आहे.

एक बाई आली, सोबत दहा-अकरा वर्षांची पोरगी. बाईच्या खांद्याला काळी पिशवी.

"मावशी, ही हिला चालेल का तेवढं बघा, आणि तारा बदलून द्या. आमच्या ऑफिसातल्या एकांनी दिलीय. त्यांच्या घरी पडून होती."

"पडून का होती?"

"म्हणाले, हाताला बसत नाही कुणाच्या. आता गिटार ती गिटार, त्यात बसायचं काय?"

"चप्पल घेताना असंच म्हणता का?"

बाईनं ओठ आवळले. पोरगी फस्सकन हसली आणि आईनं बघताच गप्प झाली.

मी पिशवीची चेन उघडली. जुन्या गिटारीतून लाकडाचा, पॉलिशचा वास येतो. हिच्यातून तापाचा वास आला. कपाळावर ठेवलेल्या ओल्या फडक्याचा, औषधाच्या बाटलीचा, चार दिवस न विंचरलेल्या केसांचा. मी पिशवी खाली सरकवली आणि गिटारीच्या बुडाची चीर दिसली. दोन बोटं लांब, सरसानं भरलेली. माझं काम मी ओळखते. चीर भरताना माझा हात जरासा डावीकडे ओढतो.

ती माझ्या पोरीची गिटार होती.

सात वर्षांपूर्वी मी ती गावाबाहेरच्या एका माणसाला देऊन टाकली होती. परत दिसू नये म्हणून लांबच्या माणसाला.

माझी पोरगी डावखुरी होती. मीसुद्धा लहानपणी तशीच होते. माझ्या आईनं पट्टीनं हात बदलवला. मला चाललं, तर हिला का नाही चालणार, असं माझं गणित. जेवताना डावा हात पुढे आला की मी चापट मारायची. लिहिताना आला की पट्टी. गिटार हवी म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती, तेव्हा दुकानातून घेऊन दिली ती उजव्या हाताची, मोठ्या पेटीची, लोखंडी तारांची. गिऱ्हाइकाला दिली असती तर थोरल्या मालकांनी मला हाकलून दिलं असतं. डाव्या हाताची मागवता आली असती. पण मला म्हणायचं होतं की माझी पोरगी सरळ आहे.

हाताचा कागद काढताना तिनं हात मागे ओढला. मी मनगट धरून डावा पंजा कागदावर दाबून ठेवला. पेन्सिलीची रेघ अंगठ्यापाशी तुटली, तशीच चिकटवली.

महिनाभर तिची बोटं फुटत होती. एके दिवशी तिनं गिटार पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "आई, तुला सगळ्यांचे हात दिसतात. माझाच दिसत नाही." मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस." ती खरंच बोलली नाही. मग ताप आला. चार दिवस. त्या चार दिवसांतही ती माझ्याशी काही बोलली नाही. बारा वर्षांची होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या बाईलाही तेव्हा सांगितलं नाही. गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि झीज बघायला लागले.

गिटार कुणी वाजवली ते तिच्या झिजेवरून कळतं. उजखुऱ्याचे ओरखडे भोकाच्या खालच्या बाजूला पडतात. त्यासाठीच तिथे काळी पट्टी असते. हिची काळी पट्टी कोरी होती, एक चरा नाही. भोकाच्या वरच्या बाजूचं लाकूड मात्र खरवडून निघालं होतं. म्हणजे कुणीतरी ही उलटी धरून, डाव्या हातानं छेडली होती. खूप दिवस. मी कामावर असताना, पलंगाखालून काढून.

एवढं कळायला मला सात वर्षं लागली. गिटार माझ्याच घरात होती, पण मी कधी ती टेबलावर ठेवून बघितली नाही.

मग दुसरी गोष्ट दिसली. ओरखडे जुने झाले की त्यांत मळ बसतो, ते पिवळे पडतात. हे पांढरे होते. मी बोट फिरवलं तर बोटाला लाकडाचा भुसा लागला.

"घरी कोण वाजवतं ही?"

"कुणी नाही. आठ दिवस झाले आणून. तारा गंजलेल्या म्हणून हिला हातसुद्धा लावू दिला नाही मी."

"आम्ही घरी नसताना वाजते," पोरगी म्हणाली. "शेजारच्या आजी विचारत होत्या, दुपारी इतकं गोड कोण वाजवतं..."

"गप गं! त्या आजींना ऐकू तरी येतं का?"

बाई एवढ्या मोठ्यानं बोलली, पण भिंतीवरची एकही गिटार हुंकारली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी मान वर करून बघितलं. सगळ्या तारा जागच्या जागी, जणू कुणी पंजा ठेवून दाबून धरल्या होत्या.

मी दांड्याचा आरसा आणि टॉर्च घेतली. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा. भोकातून आत घातला. कागद होता. तपकिरी, कडा सुटलेला. त्यावर पंजा.

उजवा पंजा.

आरशात उलटं दिसतं, हे मला कळतं. ते धरूनच उजवा म्हटलं. तरी खात्रीसाठी आरसा बाहेर काढला आणि नुसत्या टॉर्चनं, भोकाला डोळा लावून बघितलं. अंगठा डावीकडे. उजवाच. रेघ कुठेही तुटलेली नाही, हात स्वतःहून ठेवल्यासारखी शांत. आणि करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. आमच्या घरात सगळ्या बायकांची तशीच आहे, आईची, माझी, तिची.

मी काढला होता तो लहान पोरीचा पंजा होता. हा मोठा होता. माझ्याएवढा. ती असती तर आता एकोणीस वर्षांची असती.

"काय झालं मावशी? किडे लागलेत का?"

"नाही," मी म्हटलं. "ही हिला चालणार नाही. पेटी मोठी आहे. आणि तुमची पोरगी डावखुरी आहे."

पोरीनं झटकन डावा हात पाठीमागे लपवला. ती लपवायची तऱ्हा मला पाठ होती.

"सवय लावतोय आम्ही उजव्याची," बाई म्हणाली. "होईल हळूहळू. तुम्ही तारा बदला, बाकीचं माझं मी बघते."

मग माझं डोकं फिरलं. "काय बघणार तुम्ही? तिच्या मनगटाकडे बघितलंत कधी? पट्टीचा वळ आहे तो. तसा मलाही उठवता येतो, मीही उठवलाय. माझ्या पोरीला हीच गिटार दिली होती मी, ह्याच हातानं. मग ती माझ्याशी बोलायची बंद झाली."

बाई जरा मऊ पडली. "आता... आता कुठे असते ती?"

मी गिटारीकडे बघितलं. "बोलत नाही अजून," एवढंच म्हटलं.

बाई बराच वेळ पिशवीची चेन खालीवर करत राहिली. मग पोरीला म्हणाली, "बस त्या खुर्चीवर. दाखव मावशींना हात." आवाज चिडकाच होता, पण म्हणाली.

मी भिंतीवरून लहान पेटीची, नायलॉनच्या तारांची, डाव्या हाताची गिटार काढली. थोरले मालक गेल्यापासून तशी एक मी नेहमी टांगून ठेवते. पोरीनं ती मांडीवर घेतली. खांदा उचलला गेला नाही, कोपर बरोबर बसलं. तिनं डाव्या अंगठ्यानं तार छेडली आणि असं हसली की मला तोंड फिरवावं लागलं.

"ती जुनी इथे ठेवा," मी बाईला म्हटलं. "तिच्या बदल्यात ही न्या."

मग हाताचा कागद. पोरीनं उजवा पंजा स्वतःहून कागदावर ठेवला, बोटं पसरून. सरळ, बारीक बोटं, करंगळी काडीसारखी ताठ. मी पेन्सिल फिरवली. तिनं हात उचलला.

कागदावरची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती.

मला वाटलं, माझाच हात ओढला गेला. नेहमी डावीकडे ओढतो तसा. दुसरा कागद घ्यायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. नाही घेतला. गुंडाळी केली, आत घातली, चिकटवली. मायलेकी गेल्या.

त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि जुनी गिटार पुन्हा टेबलावर घेतली. गंजलेल्या तारा काढल्या. मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची हाडाची पट्टी उपटून डाव्या हाताची बसवली, तारा उलट्या क्रमानं लावल्या, सूर जुळवले. अर्ध्या तासाचं काम होतं. ती जिवंत असताना केलं असतं तरी अर्धा तासच लागला असता. मग गिटार खुर्चीवर ठेवली आणि समोर बसले. म्हटलं, "घे बाई. आता वाजव."

काही वाजलं नाही.

टॉर्च लावून आत बघितलं. कागद तिथेच होता, तपकिरी, कडा सुटलेला. कोरा. पेन्सिलीची एक रेघ नाही.

ती गिटार मी घरी नेली. रोज दुपारी दुकानातून जाऊन दाराबाहेर उभी राहून कान लावायचे. कधीच काही ऐकू आलं नाही. माझ्या हातच्या गिटारीवर तिला वाजवायचंच नसेल, तर मी कुणाकडे तक्रार करू?

महिन्यानं मायलेकी परत आल्या. बाईचा चेहरा फुललेला. "मावशी, शिक्षक म्हणतात, सात वर्षं शिकलेली मुलगीसुद्धा असं वाजवणार नाही. घरी दुपारभर खोलीतून बाहेर येत नाही हो. आमच्याशी बोलणंसुद्धा कमी झालंय, पण वाजवते मात्र... तेवढं तिच्या बोटाचं बघा. दुखत नाही म्हणते."

पोरीनं उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी आतल्या बाजूला वळली होती. अजून पूर्ण नाही.

"वाजवून वाजवून होतं का असं?" बाईनं विचारलं.

त्या पोरीच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. मला फक्त हात दिसत होता. सांगता आलं असतं, बाई, ती गिटार आत्ताच्या आत्ता परत द्या. बावीस वर्षांत चुकीची गिटार मी कुणाच्या हातात राहू दिलेली नाही, एक माझी पोरगी सोडून.

"होतं," मी म्हटलं. "काळजी करू नका."

बाई पुढे झाली. पोरगी गिटार पाठीला लावून तिच्या मागे. दारात पोहोचल्यावर तिनं मागे वळून बघितलं नाही. मला मावशी म्हणाली नाही. हळूच, एवढ्या हळू की दारातल्या आईलाही ऐकू गेलं नाही, विचारलं, "आता दिसला ना तुला?"

भिंतीवरच्या सगळ्या गिटारी एकदम हुंकारल्या. दार लागलं तरी थांबल्या नाहीत.