भोंग्यावरची शाळा

क्रांती आणि ऋतुराजची पहिली भेट झाली, तेव्हा क्रांती चक्क एका दगडावर चढून उभी होती. आंबा घाटाच्या अलीकडं, करंजवाडीच्या फाट्यावर. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात मोबाईल आभाळाकडं धरलेला, आणि तोंडानं पुटपुट चाललेली. मागून दुधाचा टेम्पो आला, थांबला, आणि खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"पावणं, रेंज शोधताय व्हय?"

"दिसत नाही का?" तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हितं गवा घावंल, बिबट्या घावंल. रेंज तेवढी घावायची न्हाय. उतरा खाली. पाय घसरला तर दवाखान्यात मलाच न्यावं लागंल… आन् माझ्या गाडीत जागा फकस्त कॅनांच्या मधी हाय."

तेव्हा कुठं तिनं वळून बघितलं. सावळा चेहरा, कपाळाला चिकटलेले केस, आणि हसू ओठांपेक्षा डोळ्यांतच जास्त. खरं तर तिला राग यायला हवा होता. आला नाही. सगळा घोटाळा तिथंच झाला बघा!

क्रांती मूळची उचगावची. मलकापुरात खोली घेऊन राहायची आणि एका लहानशा संस्थेसाठी, शाळा अर्ध्यात सुटलेल्या बायकांना मोबाईलवरून दहावीचे धडे शिकवायची. मलकापुरातल्या बायकांचं ठीक चाललं होतं. पण करंजवाडीतल्या अकरा जणींनी हौसेनं नाव घातलं होतं, आणि तिथं धडा पोचवायचा कसा? मोबाईल घरोघरी, रेंज कुणाच्याच घरी नाही.

"मग दुधासंगं पाठवा की," टेम्पोत बसल्यावर ऋतुराज म्हणाला. "सकाळी मी दूध घिऊन मलकापूरला येतोय, रिकामे कॅन घिऊन परत जातोय. आमच्या दूध संस्थेवर भोंगा हाय. दुधाचा दर आन् जनावरांचा डॉक्टर कधी येणार, एवढंच बोलतोय बिचारा. त्याला बी दहावी होऊ दे की."

ती हसली. पण कल्पना काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून तसंच सुरू झालं. क्रांती खोलीच्या खिडकीला गोधडी अडकवून धडा रेकॉर्ड करायची. सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला की मेमरी कार्ड ऋतुराजच्या हातात. संध्याकाळी दूध घालून झालं की बायका संस्थेच्या अंगणात वह्या घेऊन बसायच्या आणि ऋतुराज भोंग्याचं मशीन चालू करायचा. महिन्यातून एकदा क्रांती स्वतः वह्या तपासायला वाडीत जायची; एरवी बायकांना आलेल्या शंका त्यांच्याच आवाजात त्याच कार्डावर परत यायच्या. आणि सगळ्यांत शेवटी, कुणी सांगितलं नसताना, एक आवाज त्याचा.

"आज मॅडमचा गळा बसल्यागत वाटतोय… आलं घालून च्या प्या."

किंवा, "भूमिती काय कुणाला कळली न्हाय. मला कळली. पर मला कोण विचारतंय?"

शंका ती एकदा ऐकायची. हा शेवटचा तुकडा दोनदा. पुढच्या धड्यात मग मधेच कुठंतरी म्हणायची, "ज्यांना कळलं त्यांनी शेजारणीला समजावून सांगा… टेम्पोवाल्यांनीसुद्धा." वाडीतल्या बायका खुदकन हसायच्या. एवढंच. त्याच्या पुढं दोघांपैकी एकानंही पाऊल टाकलं नव्हतं.

टाकणार तरी कसं? भोंगा देताना संस्थेचे चेअरमन गणपतराव स्पष्ट बोलले होते, "बाई, आमच्या लेकीसुना शिकूंदेत, आमचं काय म्हणणं न्हाय. पर वाडीत नको ती चर्चा झाली तर भोंगा बंद. मग तुमची शाळा बी बंद." आणि त्या अकरा जणींत एक होती शालूबाई. दोन म्हशी, कोरडवाहू तुकडा, नवरा मुंबईला कामाला, आणि पंचेचाळिशीत दहावीला बसायची जिद्द. ही शालूबाई ऋतुराजची आई.

पेपर आठवड्यावर आला होता. त्या दिवशी सकाळी क्रांतीनं विजेचा धडा संपवला, तेवढ्यात तिच्या खोलीतली मैत्रीण पूर्णिमा चहा घेऊन आली आणि दोघी बोलत बसल्या. एरवी क्रांती धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कधी द्यायची नाही. पण खाली हॉर्न वाजला… आणि हॉर्न वाजला की तिला दुसरं काही सुचायचं नाही. फाईल तशीच कार्डावर उतरवली, ओढणी सावरली, पळाली.

"धडा सोपा हाय न्हवं?" कार्ड घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली.

"ऐकून सांगा की," ती म्हणाली.

दुपार कलल्यावर तिनं आपल्याकडची फाईल सहज उघडली. जरा जास्तच लांब वाटली. ऐकत गेली. धडा संपला, कपबशी वाजली, आणि पूर्णिमाचा आवाज आला, "काय गं, तुझा दुधवाला काय म्हणतोय?"

क्रांतीच्या तोंडचं पाणी पळालं. धडा संपल्यावर बटण दाबायचं राहून गेलं होतं! सकाळची सगळी बडबड कार्डावर गेली होती, कार्ड करंजवाडीला, आणि संध्याकाळी सगळं भोंग्यावर!

तिनं ऋतुराजला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर.

"पूर्णे, स्कूटी दे!"

"अगं, पण काय झालं?"

"माझं वाटोळं झालं, आणखी काय!"

रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर तिच्यापुढं डुलत डुलत चालला होता आणि बाजूनं जायला तसूभर जागा नव्हती. क्रांती हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आली. लोकांनी आपल्याला हसावं, नावं ठेवावीत, ते एक वेळ चालेल. पण त्या अकरा जणी! चुलीपुढं बसून पाठांतर केलेलं, सासवांची बोलणी खाऊन वह्या जपलेल्या… आठवड्यावर पेपर, आणि आपल्या एका बडबडीपायी भोंगा बंद पडणार. आणि त्याच्या आईबद्दल आपण काय बोललो ते… तिला आठवायचंसुद्धा धाडस होईना.

फाट्यावरून ती आत वळली तेव्हा ऊन डोंगराच्या टोकाला गेलं होतं. काजूच्या मोहराचा वास सुटला होता. आणि शेवटच्या वळणावर तिला समोरच्या उतारावरून तिचाच आवाज ऐकू आला.

"…म्हणजे तार कुठं तुटली तर दिवा लागत नाही. उद्या आपण या धड्याचा सराव करू."

"बंद करा," ती स्कूटीवरूनच ओरडली. "ऋतुराज, बंद करा ते!"

कोण ऐकणार? भोंगा तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता. कपबशी वाजली. पूर्णिमा बोलली. आणि मग अख्ख्या खोऱ्यात क्रांतीचा आवाज घुमला.

"आवडतो गं. लई आवडतो. सकाळी हॉर्न वाजला की माझ्या हातातलं सगळं सांडतंय."

"मग सांग की त्याला!"

"सांगून काय करू? आम्ही उचगावच्या बौद्धवाड्यातली माणसं, ते पाटील. शालूमावशी मला बाई बाई करते, जीव लावते… पण चहा बाहेरच्या कट्ट्यावर देते गं. मला उंबऱ्याच्या आत घेत नाही, ती सून म्हणून घेईल होय?"

भोंगा खरखरला आणि बंद झाला.

क्रांती अंगणात पोचली तेव्हा कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मशीनपाशी ऋतुराज उभा होता, हात बटणावर तसाच. अकरा जणी वह्या मांडीवर घेऊन बसलेल्या. शालूबाई पहिल्या रांगेत, मान खाली. गणपतराव खुर्चीतून उठले.

"बाई, आपलं काय ठरलं हुतं?"

"माझी चूक झाली, काका." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बायकांची काही चूक नाही. मी उद्यापासून येत नाही, माझा आवाजसुद्धा येणार नाही. पूर्णिमा धडे देईल. पण भोंगा बंद करू नका. आठवडा राहिलाय फक्त."

"त्या एकट्या का बोलणी खात्यात?" ऋतुराज पुढं झाला. "मशीन माझ्या ताब्यात हुतं. मी येळेवर बंद केलं न्हाय."

"तू गप," गणपतराव म्हणाले. "ही दूध संस्था हाय, लग्नाचा मांडव न्हवं." आणि त्यांनी मशीनची तार उपटून हातात घेतली. "शाळा संपली. जावा घरला."

एकही बाई उठली नाही. मग शालूबाई उठली. मावशीनं सगळ्यांसमोर थोबाडीत मारली असती तरी क्रांती मुकाट उभी राहिली असती.

"माझ्याकडं बघा, बाई," शालूबाई म्हणाली.

क्रांतीनं मान वर केली.

"तुमी खोटं न्हाय बोलला. दिलाय मी च्या भाईर कट्ट्यावर. येईल तवा दिलाय. तुमी माझा हात धरून मला इंग्रजीत सही शिकवली, आन् मी तुमाला उंबरा वलांडू दिला न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गणपतरावांकडं वळली. "लाज वाटायची ती मला वाटूंद्या, भाऊजी. भोंगा कशाला बंद करताय?"

"वैनी, हे वाडीच्या इज्जतीचं—"

"इज्जत आमची, आमी बघू. तार जोडा."

"आन् न्हाय जोडली तर?"

शालूबाईनं रिकामी किटली उचलली. "तर उद्यापासनं माझ्या दोन म्हशींचं दूध खालच्या वाडीच्या संस्थेला."

"माझं बी," मागून एक आवाज आला.

"माझ्या तिन्ही जनावरांचं बी!"

बघता बघता अकराच्या अकरा किटल्या वर झाल्या. गणपतरावांनी एकदा किटल्यांकडं बघितलं, एकदा हातातल्या तारेकडं. संस्था चालते ती या किटल्यांवर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? काहीतरी पुटपुटत त्यांनी तार मशीनला जोडली आणि टोपी सारखी करत ते आत निघून गेले.

क्रांतीचा जीव भांड्यात पडला, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"रडताय कशाला?" शालूबाई जवळ आली, पण अंतर ठेवून उभी राहिली. "शाळेचं झालं. पर दुसरं जे बोलला तुमी… ते मला आज पटलं, असं मी म्हणायची न्हाय. उगंच खोटं कशाला बोलू? माझा पोरगा हाय तो. भावकी हाय, मुंबईत त्याचा बाप हाय. मला येळ लागंल."

"मी काही मागितलं नाही, मावशी."

"ते बी खरं," शालूबाई म्हणाली, आणि वही उघडून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. "चला गं, त्या तुटल्या तारेचं काय ते एकदा लिवून घेऊ."

क्रांती स्कूटीकडं निघाली. मागून पावलं वाजली. ती थांबली नाही.

"मॅडम… अवो, थांबा की जरा!"

"बंद का नाही केलंत?" ती गर्रकन वळली. "हात मशीनवर होता ना तुमचा? आईला सगळ्यांसमोर ऐकायला लागलं! मला वाटलं, तुम्ही तरी सांभाळून घ्याल."

"पयल्या वाक्यालाच बंद करायला पायजे हुतं. चुकलं माझं." त्याच्या डोळ्यांतलं ते नेहमीचं हसू आज कुठंच नव्हतं. "पर तुमी म्हणाला, आवडतो… आन् माझा हातच हलंना. किती महिनं त्या कार्डावर मी कायबाय बोलतोय. गळा बसला, आलं खावा, भूमिती कळली. एवढं सगळं बोललो, आन् जे बोलायचं हुतं ते एकदा बी जमलं न्हाय मला."

वारा सुटला होता आणि ओढणी सारखी उडत होती, पण क्रांतीला ती सावरायचं भान नव्हतं.

"मग आता बोला की," ती हळूच म्हणाली.

"आदी तुमी."

"मी? माझं तर अख्ख्या खोऱ्यानं ऐकलं!"

"खोऱ्यानं ऐकलं. मला एकट्याला कुठं सांगितलंय?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. भोंग्यावर बोलून झालेलं तेच वाक्य, आणि आता ओठांवर येता येत नव्हतं. मग ती दोन पावलं पुढं आली आणि त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू जाणार नाही, इतक्या बारीक आवाजात तिनं ते सांगितलं.

तो नुसता बघत राहिला.

"काय झालं?" ती घाबरली.

"काय न्हाय… भोंग्यावर एवढं ग्वाड लागत नव्हतं." तो म्हणाला. "मला बी तुमी आवडता. त्या दगडावर उभ्या हुता, त्या दिसापासनं. आन् हे मी कार्डावर न्हाय, तोंडावर सांगतोय. सोपं न्हाय हे, मला कळतंय. गणपतराव एकटाच न्हाय वाडीत."

"माझ्याकडंसुद्धा बाबांना सांगायला लागेल," क्रांती म्हणाली. "ते म्हणतील, जिथं आपल्या पोरीला मान नाही तिथं पोरगी द्यायची नाही."

"बरोबर म्हणत्यात ते," ऋतुराज म्हणाला. "मग मान हाय असं घर आदी करतो. मग येतो उचगावला."

तेवढ्यात अंगणातून शालूबाईची हाक आली. ती उठून उभी राहिली होती आणि दोघांकडंच बघत होती. तिच्या मागं दहा जणी बघत होत्या.

"ऋतुराज! अंधार पडायच्या आत बाईंना फाट्यापर्यंत सोड. आन् माघारी आलास की म्होरं बस माझ्या. मला बोलायचंय तुझ्यासंगं."

"मला बी बोलायचंय, आई," तो तिथूनच म्हणाला, आणि आईच्या देखत, अख्ख्या वाडीच्या देखत, त्यानं क्रांतीचा हात हातात घेतला.