माशांचं खाद्य जातं कुठे?

"चोर घरातलाच आहे. माझा भाचा!" मासे पाळणारा मालक तावातावाने म्हणाला. "रोज दुप्पट खाद्य संपतंय आणि यंत्रात ते भरतो तोच. आज छडा लावा, नाहीतर उद्या त्याला बहिणीकडे परत पाठवतो."

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी नुसती मान हलवली. त्यांच्या मदतीला आलेल्या भाऊजींनी मात्र मनातल्या मनात भाच्याला बेड्याही घातल्या.

दुपार टळली होती. वहिनींनी टाकीत मूठभर खाद्य टाकलं. एकही मासा वर आला नाही.

"लाजतायत," भाऊजी म्हणाले.

चौकशीत पहिली पाळी संगणक बसवणाऱ्या तंत्रज्ञाची आली.

"सकाळी संगणक लावला की सर्व्हिस, म्हणजे पाण्याचं तापमान सतत मोजणारा प्रोग्रॅम, सुरू होते. ती सुरू झाली की मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची छोटी यादी, चालते आणि यंत्र खाद्य सोडतं. पाणी गार असेल तर कमी सोडायचं, म्हणून आधी तापमान लागतं."

"दिवसातून एकदाच?"

"संगणक एकदाच लावतात ना!"

मग भाचा. "दुपारी मामा घरी जेवायला जातात. मी पुढच्या खोलीत संगणकासमोर बसतो. तापमानाचा आकडा मध्येच अडकतो."

"मग संगणक बंद करतोस?"

"छे! मामा ओरडतील. तेवढी सर्व्हिस थांबवून परत सुरू करतो. रोजचंच आहे."

"पक्का चोर आहे हं," भाऊजी पुटपुटले.

वहिनी हसल्या. त्यांनी भाच्याला पुढच्या खोलीत बसवलं, बाकीच्यांना टाकीपाशी उभं केलं.

"सर्व्हिस थांबवून परत सुरू कर रे!" वहिनींनी हाक दिली.

यंत्र घरघरलं. टाकीभर खाद्य पसरलं. मालकाचा आ वासलेलाच राहिला.

"स्क्रिप्ट संगणकाला नाही, सर्व्हिसला बांधलीय," वहिनी म्हणाल्या. "सर्व्हिस दुपारी पुन्हा सुरू झाली, की स्क्रिप्टच्या लेखी पुन्हा सकाळ! पोटं टम्म भरलेली, म्हणून मासे माझ्या मुठीकडे ढुंकूनही बघेनात. आणि पुढच्या खोलीत या यंत्राचा आवाज पोचत नाही."

तंत्रज्ञ ओशाळला. "स्क्रिप्ट एकदा चालली की तिला खूण ठेवायला लावतो. खूण दिसली तर गप्प बसेल. संगणक बंद झाला की खूण आपोआप पुसली जाईल."

भाचा धावत आला. "काय झालं, मामा?"

मालकाने घसा खाकरला. "तुझ्या आईला फोन करतो. तू इथेच राहतोयस म्हणून सांगतो." मग आवाज चढवून म्हणाला, "आणि उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर घरी जेवायला चल! मासे दोनदा जेवतायत आणि तू एकदाही नाही!"