राहिलेली गोष्ट समक्ष

माझं आणि कृष्णातचं पहिलं बोलणं अख्ख्या बिद्री गावानं ऐकलं. त्यात माझी चूक नव्हती. लाऊडस्पीकर त्याच्याकडे होता.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. उसाचा हंगाम ऐन भरात. हंबीररावकाकांना गाठायला मी कोल्हापुरातून लुना दामटत निघाले होते, आणि बिद्रीच्या साखर कारखान्याच्या गाडी अड्ड्यापाशी बैलगाड्यांच्या रांगेत अशी अडकले, की पुढं शिंगं आणि मागंही शिंगं. तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला.

"ओ हिरव्या लुनावालं पावणं! तुमी काय ऊस घालाय आलाय? नंबर लावलाय का? जरा मागं सरका की, बैल बुजतोय!"

सगळा अड्डा हसला. माझं डोकं असं फिरलं म्हणता! लुना तिथंच टाकली आणि तडक पत्र्याच्या केबिनमध्ये शिरले. आत एक उंच, सावळा, मिशीला नुकतंच वळण लागलेला माणूस माईक धरून उभा.

"बैल बुजतोय म्हणे! आणि माणसं बुजत नाहीत होय? बाईमाणसाला हाक मारायची ही पद्धत झाली?"

त्यानं माईककडे बोट दाखवलं. मग अगदी हळू म्हणाला, "मॅडम... माईक चालू हाय."

बाहेर तीनशे बैलगाड्यांवरून शिट्ट्या वाजल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खरं सांगू? त्या 'चालू हाय'मध्ये आवाज असा खाली आला होता, की मी लुनावर बसून निम्म्या वाटेपर्यंत तोच ऐकत होते.

आता माझी अडचण सांगते. माझे अज्जा, म्हणजे आजोबा, नागाप्पा मास्तर. मूळचे कुरुंदवाडचे. तरुणपणी म्हैसूरला जाऊन बसले आणि दोन फिडल, एक व्हायोला, एक चेलो अशा चार वाद्यांसाठी आपल्या रागांतली संगीतरचना लिहून आले. व्हायोला म्हणजे फिडलची थोरली बहीण आणि चेलो म्हणजे घरातला बाप्या, खाली बसून घुमणारा. तिथून त्यांनी अज्जीला, मल्लव्वाला, एकतीस पत्रं लिहिली. एक पत्र वाचायचं, मग चौघांनी त्यांचीच एक रचना वाजवायची, असा कार्यक्रम मी मांडला होता. पहिलं फिडल मी, दुसरं माझा चुलतभाऊ वीरेश, व्हायोला माझी मैत्रीण संयोगिता आणि चेलो हंबीररावकाका, जे अज्जांचे शेवटचे शिष्य आणि आता बिद्रीजवळ म्हशी सांभाळतात.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट बजावलं होतं, "विद्या, एकच संधी. नाट्यगृह भरलं तर जन्मभर वाजव. नाही भरलं तर फिडल पेटीत आणि हुबळीच्या पाहुण्यांना होकार." हुबळीचा मुलगा वाईट नव्हता, पण त्यानं मला विचारलं होतं, "लग्नानंतर हे कुईकुई बंद ना?"

आणि कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना पत्रं वाचणारे पुण्याचे नट म्हणाले, शूटिंग निघालंय. म्हणून तर मी त्या दिवशी हंबीररावकाकांकडे निघाले होते.

"आवाजच पायजे न्हवं?" हंबीररावकाका म्हशीला पाणी दाखवत म्हणाले. "आमच्या अड्ड्यावर कृष्णात हाय की. हंगामात गाड्यांचं नंबर पुकारतो, जत्रंला कुस्तीचं मैदान गाजवतो. त्याचा आवाज ऐकून पडल्याला पैलवान उठतो बग."

"तो?" मी ओरडले. "तो बैलवाला?"

तोच. दुसरा होताच कोण?

तालीम कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या अप्पांच्या गुळाच्या गोदामात. कृष्णात आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. पहिलं पत्र हातात घेतलं, घसा साफ केला आणि...

"सौभाग्यवती मल्लव्वा हीस अनेक उत्तम आशीर्वाद! म्हशीला सरकी घालणे... घालणे... अरं घाला की! पायाला रोज तेल लावणे, म्हशीच्या न्हवं, तुझ्या! शाब्बास रं मास्तर!"

वीरेशच्या हातातून फिडलची कमान पडली. संयोगिता हसून हसून गुळाच्या थप्पीवर कोसळली.

"अहो, ते पत्र आहे! कुस्ती नाही!"

"मग निकाल कवा लागणार?"

"लागणार नाही. पत्रात निकाल नसतो."

"ह्या! मग मानसं बसतील कशाला?"

त्याच्या हातातलं पत्र मी ओढून घेतलं आणि शांतपणे म्हटलं, "हे बघा. समोर हजार माणसं नाहीत. एकच आहे. तिला ऐकू गेलं की बास."

"कोन?"

"मल्लव्वा."

"बसलीया कुठं?"

मी कोपऱ्यातल्या गुळाच्या ढेपेकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि खरंच, त्या ढेपेला पत्र वाचून दाखवायला लागला. चार दिवसांत आवाज असा उतरला, की गोदामातले हमाल पाठीवरची पोती घेऊन दारात थांबायचे. पाचव्या दिवशी तो वाचत होता, 'येथे पाऊस फार. छत्री हरवली. तू बांधून दिलेली चटणी अजून पुरवून खातो.' मी फिडल खांद्याला लावून मान वर केली तर...

"ढेप तिकडं आहे," मी म्हणाले.

"ठावं हाय की," तो म्हणाला, आणि नजर काही हलवली नाही.

माझ्या फिडलची तार उगीचच उतरली होती. मी बराच वेळ ती पिळत बसले.

प्रत्येक पत्राच्या शेवटी अज्जांचं एकच वाक्य होतं. 'एक गोष्ट लिहावयाची राहिली. पुढील पत्री लिहितो.' तीस पत्रांत ती गोष्ट आलीच नाही. एकतिसाव्यात होतं, 'शुक्रवारी निघतो. राहिलेली गोष्ट समक्ष बोलतो.' समक्ष काय बोलले ते घरात कुणालाच ठाऊक नाही. अज्जी विचारलं की पदर तोंडाला लावून हसायची, आणि हसतच गेली.

"आईशपथ!" कृष्णात अस्वस्थ झाला. "म्हंजे बरोबरीत सोडली? आमच्याकडं असं केलं तर लोकं मैदानात उतरत्यात. कुस्ती निकालीच झाली पायजे."

"मनाचा एक शब्द घालायचा नाही," मी दटावलं. "शप्पथ घ्या."

"घेतली. फिडलची."

पण जाहिरातीबद्दल शपथ घ्यायला मी विसरले. रविवारी सकाळी आमच्या दारावरून कर्णा लावलेली रिक्षा गेली. "ऐका हो ऐका! आज संध्याकाळी पाच वाजता! नागाप्पा मास्तरांची एकतीस पत्रं! चार वाद्यांची जंगी सलामी! चितपट झाल्याबिगर कुनी उठायचं न्हाय!"

मी कपाळावर हात मारला. अप्पा गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी आत पळाले.

पाच वाजता मी पडद्याच्या फटीतून बघितलं. नाट्यगृह भरलं होतं... फेट्यांनी! बिद्रीहून चार ट्रॉल्या भरून माणसं. ऊसतोडीच्या बायका, तालमीतली कान मोडलेली पोरं, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले वस्ताद. रसिक मंडळी कडेला अंग चोरून बसलेली आणि मधोमध अप्पा, चेहरा दगडाचा.

"हे काय केलंत?" मी विंगेत कृष्णातला गाठलं. "ही माणसं भीमपलास ऐकणार?"

"मॅडम, मैदानात ही मानसं उन्हात सा तास बसत्यात. ऐकायची सवय हाय त्यास्नी." मग हळू आवाजात म्हणाला, "भ्या नका. हाय की मी."

तिसरी घंटा झाली.

काय सांगू! पहिल्या रचनेच्या शेवटी टाळ्या नाहीत, आरोळी आली, "वाजवा रंऽऽ!" चटणीच्या पत्राला बायका डोळे पुसत हसल्या. हंबीररावकाकांनी चेलोवर खालचा सूर धरला तेव्हा वस्तादांनी मांडीवर थाप मारली आणि शेजारच्याला म्हणाले, "पकड बघ, पकड!" प्रत्येक पत्राच्या शेवटी 'राहिलेली गोष्ट' आली की सभागृहातून "अरारारा!" असा आवाज उठायचा. पुण्याच्या नटाला जन्मात मिळाली नसती अशी ती दाद होती.

आणि मग शेवटचं पत्र. 'शुक्रवारी निघतो. राहिलेली गोष्ट समक्ष बोलतो.' कृष्णातनं कागदाची घडी घातली. आता आम्ही शेवटची रचना वाजवायची. मी कमान उचलली.

"ओ!" मागून कुणीतरी ओरडलं. "समक्ष काय बोलला ते सांगा की!"

"निकाल! निकाल!"

"बरोबरीत सोडायची न्हाय!"

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. वीरेश पांढरा पडला. कृष्णातनं माझ्याकडे बघितलं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पण ओठ घट्ट मिटलेले. शपथ घेतली होती ना, फिडलची! तो मरेल पण बोलणार नाही, हे मला दिसत होतं. आणि बोलला नाही तर ही माणसं उठून जातील, अप्पा हुबळीला कळवतील, हेही दिसत होतं. पण अगदी खरं सांगायचं तर मलाच ऐकायचं होतं. त्याच्या तोंडून.

मी कमानीनं खूण केली. बोला.

त्यानं माईक बाजूला सरकवला. गोदामात शिकवलेला तोच आवाज, एकाच माणसापुरता.

"मल्लव्वा... म्हैसुरात समदं व्हतं. चार चार वाद्यं वाजायची. पर ऐकाय तू नव्हतीस... मग मला काय ऐकूच येईना झालतं."

मल्लव्वा म्हणताना तो बघत होता माझ्याकडे.

शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. मग एका म्हातारीनं नाक ओढलं, आणि जो काही गजर झाला... मी फिडल खांद्याला लावलं. हंबीररावकाका दात काढत पुटपुटले, "पोरी, कमान उलटी धरलीयास."

शेवटची रचना आम्ही कशी वाजवली ते मला आठवत नाही. लोक सांगतात, चांगली झाली.

विंगेत मी त्याची वाट अडवली. "ते बोलणं मास्तरांचं होतं की तुमचं?"

तीनशे गाड्यांना हाकणारा तो गडी... शर्टाचं बटण चाचपायला लागला. बाहेर ट्रॉल्यांचे हॉर्न वाजायला लागले. "ते... मॅडम... समक्ष बोलतो," असं काहीतरी म्हणाला आणि पळाला. अहो, समोरच तर उभी होते मी!

घरी येताना गाडीत अप्पा म्हणाले, "एक खुर्ची रिकामी नव्हती. शब्द म्हणजे शब्द. फिडल तुझं. हुबळीला नकार कळवतो." मग म्हणाले, "आणि त्या माईकवाल्याचं काय?"

"कुठल्या?"

"मी गूळ विकतो, विद्या. डोळे विकलेले नाहीत." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आपल्यातला नाही तो. घरात बोलणी बसतील, मलाही जड जाईल. पण मास्तरांचं पत्र असं वाचणाऱ्याला मी दारातून परत पाठवणार नाही. आधी तुझं काय ते ठरव."

माझं ठरलं होतं. तो मात्र तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी मी लुना काढली.

अड्ड्यावर उसाच्या रसाचा गोड, जळका वास. गाड्यांची रांग. लुना मी मुद्दामच बैलांच्या मधे घातली.

"ओ हिरव्या लुनावालं..." कर्णा गप्प झाला. मग घाबऱ्या आवाजात, "...मॅडम?"

मी केबिनमध्ये शिरले. तो उभा राहिला, खुर्ची पडली.

"बोला. आलेय समक्ष."

"मॅडम, मी साधा मानूस. गाड्यांचं नंबर पुकारनारा. तुमी कुठं, मी कुठं... म्हनून आलो न्हाय." त्यानं मान खाली घातली. "पर ते बोलणं माझंच व्हतं. सगळं."

"इतकं हळू? मला नीट ऐकू आलं नाही."

"तुमीच शिकवलंय की... एकाच माणसाला ऐकू गेलं की बास."

"हो. पण तुमच्याकडं निकाल जाहीर करतात ना?"

त्याच्या हातातला माईक मी घेतला. बटण या वेळी मी स्वतः बघून चालू केलं.

"गाडी अड्ड्यावरच्या समस्त मंडळींना कळवण्यात येतं," माझा आवाज साऱ्या बिद्रीवरून गेला, "की नागाप्पा मास्तरांच्या नातीला कृष्णातची राहिलेली गोष्ट ऐकू आली आहे. आणि तिचं उत्तर... व्हय!"

मग एका गाडीवानानं फेटा उडवला, आणि अड्डाभर शिट्ट्या, आरोळ्या, ट्रॅक्टरचे हॉर्न. कृष्णात दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता, आणि रडतही होता बहुतेक.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "माईक चालू हाय."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "आणि मॅडम काय? विद्या म्हण."

तेही सगळ्यांनी ऐकलं.