शेलारांचं यकृत

जनुकक्रिया केंद्राच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं : ‘नमुना – निरोगी यकृत.’

“नजमा, गाठ सोडून शेजारचाच काप पाठवलास,” डॉ. इरावती भोसेकर म्हणाल्या. “तोही तीनदा.”

नजमा मुलाणी अकरा वर्षं असले काप काढत होती. “गाठच आहे, मॅडम. शेजारी कापायला यकृत उरलंय कुठे?”

ते खरं होतं. निवृत्त पोस्टमास्तर हणमंत शेलारांचा आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता. दहातले नऊ भाग नुसत्या गाठी.

पडद्यावरचं नाव चालू जनुकांवरून ठरायचं. नजमाने त्याच कापातली जनुकांची अक्षरंही वाचून घेतली. आतड्यातल्या मूळ गाठीत जी अक्षरं बिघडलेली होती, तीच इथेही बिघडलेली निघाली. मॅडमनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

“पेशी आतड्याच्या, पण चालू जनुकं यकृताची. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात गं. कुठली चालू नि कुठली बंद, यावर पेशी कोण ते ठरतं. परमुलखात टिकायला यांनी आतडं बंद केलं आणि यकृत चालू केलं.”

“नाव बदलून राहिल्यात म्हणा.”

“मग आठवण करून देऊ.”

केंद्राकडे ‘मूळस्मारक’ नावाचा रेणू तयार होता. तो आतड्याची जनुकं पुन्हा चालू करायचा. आतड्याच्या अस्तरातली पेशी जेमतेम पाच दिवस जगते. आतडं आठवलं की तिला मरणही आठवायचं. काचेच्या बशीतल्या शेलारांच्या पेशी पाचव्या दिवशी शिस्तीत मेल्या. औषधाविना शेलारांच्या हाती तीन महिने होते. सोमवारी डोस द्यायचं ठरलं.

शनिवारी नजमा त्यांच्या रक्ताचा अहवाल हातात घेऊन उभी राहिली. कावीळ नाही. प्रथिनं जागच्या जागी.

“मॅडम, दहाव्या हिश्शाच्या यकृतावर माणूस इतका ठणठणीत राहतो?”

“नाही राहत.”

“मग काम कोण करतंय?”

उत्तर पडद्यावर तीनदा येऊन गेलं होतं. गाठी मारल्या, तर पाचव्या दिवशी यकृतही जाणार होतं.

शेलारांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीवरची तक्रार ऐकावी तसं.

“म्हणजे घुसखोर माझ्या कचेरीत बसून टपाल वाटतायत.”

“हो, काका,” नजमा म्हणाली.

“मग सगळ्यांना एकाच दिवशी का काढता? पोस्ट बंद पडेल. बत्तीस वर्षांत मी एका दिवशी दोघांच्या वर कुणाला रजा दिली नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी रजेवरचा तिसरा मीच निघालो. लग्नाची तारीख बदलली.”

मॅडम लिहून घेत होत्या. यकृत रिकामी झालेली जागा स्वतः भरून काढतं. थोडा डोस दिला की थोड्या पेशी मरतील, तेवढं यकृत वाढेल. मग पुढचा डोस.

बारा डोस झाले. दर वेळी शेलारांचे डोळे पिवळे व्हायचे, अन्न नकोसं व्हायचं. भिंतीकडे तोंड करून ते विचारायचे, “आज कितीजण रजेवर?”

बाराव्यानंतरच्या स्कॅनमध्ये एकही गाठ नव्हती. यकृत पूर्ण आकाराचं होऊन थांबलं होतं. पडद्यावर आलं : ‘निरोगी यकृत.’ मॅडमनी पेढे मागवले.

“आधी अक्षरं वाचते,” नजमा म्हणाली.

बिघडलेली अक्षरं होती. सगळीकडे, तीच.

पेढ्यांचा खोका तसाच राहिला. “आठवलं त्या मेल्या,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “ज्या आतडं पार विसरल्या होत्या, त्या उरल्या. रिकाम्या जागाही त्यांनीच भरल्या.”

“मग थांबल्या कशा?”

“यकृत थांबतं तिथे थांबल्या. पुरतं यकृत झाल्यावर त्याची शिस्तही आली.”

“फुप्फुसात नाही ना जाणार?”

“यकृत हिंडत नाही.”

“या एकदा हिंडल्यात, मॅडम.”

मॅडमनी दर तीन महिन्यांनी फुप्फुसाचा स्कॅन लिहून दिला.

शेलारांनी एवढंच विचारलं, “माझं स्वतःचं किती उरलंय?”

“सापडलं नाही, काका.”

त्यांनी पोटावर हात ठेवला.

“कामावर येतात ना?”

“रोज.”

“मग कायम करा त्यांना.”

नजमाने अहवालावर सही केली. शेऱ्याच्या रकान्यात मात्र तिचं पेन अडलं. शेवटी तिने लिहिलं : ‘मूळ पत्ता – आतडे. पेशींना कळवू नये.’