डाव्या पायाचा पुरावा

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रांगत होता.

तीस-बत्तीस वर्षांचा चांगला धडधाकट पुरुष निळ्या कापडी बोगद्यातून गुडघ्यांवर बाहेर येत होता आणि त्याच्या खांद्यावर तिचं पिल्लू होतं. दोन मिनिटांपूर्वीच ते पिल्लू गळपट्ट्यातून मान सोडवून ओल्या मैदानावर सुसाट पळालं होतं. बोगद्याच्या एका तोंडाने पिल्लू आत गेलं, दुसऱ्या तोंडाने पुरुष बाहेर आला. तिच्या खात्यात अशा गोष्टीला ‘संशयास्पद परिस्थिती’ म्हणत.

“हे तुमचं का?”

“माझंच. तुम्ही आत काय करत होतात?”

“शिवण उसवली होती. टाके घालत होतो.” त्याने दातांत धरलेली सुई काढून दाखवली.

“सुई तोंडात?”

“रांगताना हात रिकामे नसतात.”

उत्तर बरोबर होतं. ज्यांची उत्तरं चटकन आणि बरोबर येतात त्यांच्यावर ती दुप्पट लक्ष ठेवत असे.

“नाव काय हिचं?”

“टाचणी. दात पाहिलेत तर कळेल.”

“कळलं,” तो कानाची पाळी चोळत म्हणाला, आणि हसला. केसांत गवताची काडी होती. ती काढावी असं तिला वाटून गेलं. तिने तो विचार पुढील चौकशीसाठी राखून ठेवला.

ती विमा कंपनीत दावे तपासायची. नऊ वर्षांत तिने बुडालेल्या दोन होड्या कोरड्या ठणठणीत अवस्थेत हुडकल्या होत्या, आणि एका मयत गृहस्थाच्या हातचा चहा प्यायली होती. चहा बरा होता. अशा बाईच्या आयुष्यात प्रेम शिरायचं म्हणजे कागदपत्रं जोडूनच शिरणार. मागे एकाने तिला “कशी आहेस?” असं विचारलं, तेव्हा ती “का?” म्हणाली होती. तो पुन्हा दिसला नाही. यावरून त्याच्या मनात काहीतरी होतंच, असा निष्कर्ष तिने काढला.

पिल्लू तिचं असलं तरी अजून पक्कं तिचं नव्हतं. कुत्र्यांच्या निवाऱ्याने ते तीन महिन्यांच्या बोलीवर दिलं होतं. जात मेंढ्या राखणारी, डोकं तल्लख. काम दिलं नाही तर घर कुरतडून काढेल, म्हणून अडथळ्यांच्या शर्यतीची पायाभरणी शिकवायची आणि शेवटी परीक्षा द्यायची अशी अट होती. परीक्षेच्या फॉर्मवर तीन चौकोन होते. ‘सध्याच्या घरी ठेवावे.’ ‘निवाऱ्यात परत घ्यावे.’ ‘अन्य योग्य व्यक्तीस द्यावे.’ खूण करायची होती शिकवणाऱ्याने, म्हणजे बोगद्यातल्या माणसाने. त्याला सगळे मास्तर म्हणत. तिने आपल्या प्रतीत तिसऱ्या चौकोनाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती.

तिच्यापेक्षा जास्त धास्ती मावशीला होती. मावशी तिच्याकडेच राहायची. काका गेल्यापासून दीड वर्ष ती खिडकीशी बसून होती. घराचा उंबरा म्हणून ओलांडला नव्हता. टाचणी आली आणि मावशी दिवसातून तीनदा तीन मजले उतरू लागली, वर जिन्यातल्या लोकांशी भांडूही लागली.

“कुत्रं परत गेलं ना,” मावशी म्हणाली होती, “तर मी पुन्हा खिडकीत बसेन. मग बघ हो.”

ही धमकी होती की वस्तुस्थिती, हे तपासायची हिंमत तिला झाली नाही.

शिकवणी मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी ऑफिसच्या आधी. पहिल्याच दिवशी तिला संशय आला. शाळा अडथळ्यांची, आणि अडथळ्यांच्या दांड्या झाडून सगळ्या गवतावर आडव्या झोपलेल्या.

“उडी कधी शिकवणार?”

“वर्षाची होऊ दे. हाडं कच्ची आहेत अजून. आता नुसतं दांड्यांमधून चालायचं.”

“मग शिकवणार तरी काय?”

“आधी नाक तळहाताला टेकवायला. मग पायपुसण्यावर जाऊन बसायला, ‘थांब’ म्हटल्यावर थांबायला. मग फळीवर चारही पाय ठेवायला. पिल्लांना मागचे दोन पाय आपलेच आहेत हे बरेच दिवस ठाऊक नसतं, मॅडम. ओळख करून द्यावी लागते.”

“माणसांचं बरं असतं.”

“माणसांना पुढच्यांचीही करून द्यावी लागते,” मास्तर म्हणाला आणि उगाचच दूर क्षितिजाकडे पाहू लागला.

या वाक्यात काहीतरी दडलेलं होतं. तिने ते वहीत तारखेसह लिहून घेतलं.

टाचणी मात्र भराभर शिकत होती. मालकिणीने तळहात पुढे केला आणि “टेक” म्हटलं की ओलं गार नाक येऊन चिकटायचं. डुगडुगत्या फळीवर ती आधी दोन, मग तीन, आणि पंधरवड्यात चारही पायांनी उभी राहिली, एखाद्या पुतळ्याने स्वतःचं अनावरण करावं तशी. सगळं सुरळीत होतं... शेवटचा टप्पा सोडून. पायपुसण्यावरून सुटायचं, दांड्यांमधून जायचं, फळी ओलांडायची आणि सरळ निळ्या बोगद्यात शिरायचं; मालकीण शेजारून पळणार. एवढंच. पण फळीवरून उतरली की टाचणी गर्रकन डावीकडे वळायची, मैदानाच्या कडेच्या दोरीशी उभ्या असलेल्या मास्तरकडे जायची आणि त्याच्या बुटांवर ऐसपैस बसायची. दर वेळी. न चुकता.

दोन महिने संपत आले तेव्हा एका भुरभुर पावसाच्या सकाळी ती मास्तरसमोर जाऊन उभी राहिली.

“खिसे दाखवा.”

“आत्ता?”

“पुरावा नष्ट व्हायच्या आत.”

मास्तरने शांतपणे खिसे उलटे केले. मोजपट्टी, खडूचा तुकडा, सुईदोरा, एक चघळलेली पेन्सिल.

“खाऊ कुठे आहे?”

“तुमच्या कमरेच्या पिशवीत. मी ठेवत नाही. पिल्लाने मालकिणीकडे जायचं असतं.”

“पेन्सिल कुणी चघळली?”

“मी.”

“हात पुढे करा.”

त्याने हात पुढे केला. तिने वाकून तळव्याचा वास घेतला. ओलं गवत, साबण, थोडासा खडू. चौकशीला लागतो त्याहून जरासा जास्त वेळ गेला असावा. पाऊस तिच्या मानेवर टिपकत होता आणि तिला तो कळत नव्हता.

“काही सापडलं?” त्याने हळूच विचारलं.

“निष्कर्ष राखून ठेवलाय.”

“फेरतपासणी करायची असेल तर... मी गुरुवारीही असतो.”

ती ताठ मानेने निघाली. फाटकापाशी वळून पाहिलं, ते केवळ संशयित पळून जात नाही ना हे बघायला. संशयित तिथेच उभा होता, खिसे उलटे, हात अजून पुढे केलेला.

परीक्षेची तारीख विचारायला तिने निवाऱ्यात फोन केला, तेव्हा कारकूनबाई गप्पांच्या लहरीत होत्या.

“तुमचं चांगलं नशीब हो. ते पिल्लू खरं तर मास्तरांनीच मागितलं होतं. तुमच्या आधी अर्ज होता त्यांचा. त्यांचा म्हातारा कुत्रा गेला ना, तेव्हाच. मग तुमचा अर्ज आला आणि... थांबा हं, दुसरा फोन वाजतोय.”

तो दुसरा फोन वाजतच राहिला असणार, कारण त्या परत आल्या नाहीत.

तर हेतू होता. संधी दर मंगळवारी आणि गुरुवारी होती. साधन तेवढं सापडायचं राहिलं होतं. एरवी गुन्ह्याचा हेतू हाती लागला की तिला सपाटून भूक लागायची. त्या दिवशी ताटातला घास हलेना.

“कुत्रं आजारी आहे की तू?” मावशीने विचारलं.

“मास्तर लबाड निघाला.”

“मग त्यात जेवण सोडण्यासारखं काय? तुला लबाड माणसं रोजच भेटतात.”

तिने पुरावा गोळा करायचं ठरवलं.

पुढच्या मंगळवारी तिने मोबाईल फाटकाच्या खांबाला केसांच्या रबराने बांधला आणि नऊ फेऱ्यांचं चित्रण केलं. रविवारी दुपारी मायलेकींसारख्या मावशी-भाची टेबलाशी बसल्या, खाली टाचणी खुर्चीचा पाय खात होती. पहिली फेरी. मास्तर दोरीशी, हात पाठीमागे. ना शीळ, ना इशारा. तिसऱ्या फेरीत तर तो पाठ करून उभा. टाचणी तरीही त्याच्याकडेच.

“मागे घे,” मावशी म्हणाली. “फळीपाशी थांबव. त्याच्याकडे कशाला बघतेस? स्वतःकडे बघ.”

“माझ्याकडे काय बघायचंय?”

“तीस वर्षं लोकांची मापं घेतली मी. शिवणयंत्र विकलं, नजर नाही विकली. हा तुझा डावा खांदा. कुणाकडे झुकलाय तो?”

तिने पाहिलं. मग पुढची फेरी पाहिली. मग उरलेल्या सगळ्या. नऊच्या नऊ वेळा, फळी आली की पडद्यावरची ती बाई तोंडाने “सरळ, सरळ” म्हणत होती आणि तिचा डावा पाय मात्र चवडा वळवून थेट दोरीकडे चालला होता. खांदा पायामागे, पिल्लू खांद्यामागे. टाचणी अवज्ञा करतच नव्हती. मालकिणीला जायचं होतं तिकडेच ती जात होती. फक्त आधी पोचत होती.

“हं,” मावशी म्हणाली. “सापडला का लबाड?”

गुरुवारी ती मास्तरसमोर उभी राहिली.

“तुम्ही टाचणीला फितवताय असा... माझा संशय होता.”

“माहीत आहे. तुम्ही वहीत लिहायचात, मोठ्याने.”

“तुमचा अर्ज होता हिच्यासाठी.”

“होता. मग बाईंनी तुमचा वाचून दाखवला, त्यात मावशींचं लिहिलं होतंत. खिडकीचं.” तो पिल्लाच्या कानाशी खेळत राहिला. “माझा मागे घेतला मी. मला कुठे कुणाला जिना उतरवायचाय.”

मग नऊ वर्षांची सवय उसळून आली.

“माझा पाय वळतो हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या आठवड्यात.”

“आणि सांगितलं नाहीत? चुका सुधारायच्या हेच तुमचं काम ना?”

“हो. पण सुधारली असती तर...” मास्तरचे कान लाल झाले. “तर पाय सरळ झाला असता ना.”

“म्हणजे लबाडी होती.”

“होती.”

तिला केवढं हायसं वाटलं. इतक्या वर्षांत अंदाज चुकला नव्हता, आजही चुकला नाही.

त्याने फॉर्म पुढे केला. तिन्ही चौकोन रिकामे. खाली ‘शेरा’ या जागी सुबक अक्षरात: ‘परीक्षकाचे या प्रकरणात व्यक्तिगत हितसंबंध निर्माण झाले आहेत. कृपया दुसरा परीक्षक नेमावा.’

ती ते तीनदा वाचत राहिली. हितसंबंध माणसांकडून छिन्नीने खरवडून काढावे लागतात. आपण होऊन, सहीनिशी, न मागता, असं तिला कुणी काही दिलं नव्हतं.

“हितसंबंध पिल्लात?” तिने विचारलं. आवाज सरकारी ठेवायचा प्रयत्न केला.

“पिल्लू चांगलंच आहे,” मास्तर म्हणाला. “पण...”

पुढचं तो बोलला नाही. तिनेही जबाब पूर्ण करून घेतला नाही. कारकिर्दीत पहिल्यांदाच.

शनिवारी परीक्षेला छत्री घेतलेल्या, करड्या नजरेच्या एक बाई आल्या. मावशी दोरीपाशी पट्टा मुठीत आवळून उभी होती. आदल्या दिवशी तिनेच घरात खडूची रेघ मारून भाचीला चालवलं होतं, आणि दाराकडून नुसता “मास्तर” असा आवाज दिला तरी चवडा वळत होता.

“मी मैदानाबाहेर थांबतो,” मास्तर म्हणाला.

“नको. फाटकाबाहेर गेलात तर मी फाटकाकडे वळेन. सिद्ध झालंय ते.”

“मग?”

“बोगद्याच्या पलीकडे जा. दोरीबाहेर, अगदी नाकासमोर उभे राहा.”

तो गेला. तिने टाचणीला पायपुसण्यावर बसवलं, “थांब” म्हटलं, पुढे गेली, हाक मारली. दांड्या. फळी... एक पाय, दोन, चार. आणि सरळ, एखादी रेघ ओढावी तशी दोघी धावत सुटल्या, कारण दोन्ही चवडे, दोन्ही खांदे आणि उरलंसुरलं सगळंच त्या एका दिशेने होतं. टाचणी बोगद्यात शिरली. कापड सळसळलं.

आता खरी अडचण. बाहेर येताच पिल्लाने तिच्याकडे यायचं होतं, आणि समोर चार पावलांवर तो उभा होता.

ती थांबली. तिने कधी कुणाकडे पाठ केली नव्हती. ऑफिसातली खुर्चीसुद्धा भिंतीला टेकलेली होती. आता ती वळली, त्याच्याकडे पूर्ण पाठ, पाय बोगद्याच्या तोंडाकडे. मागे तो होता. असेलच, असं तिला वाटलं, आणि तिने वळून खात्री करून घेतली नाही.

“टेक.”

बोगद्याच्या तोंडाशी दोन कान दिसले. टाचणीने तिच्यापलीकडे एकदा पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. मग गार ओलं नाक तळहाताला येऊन चिकटलं.

छत्रीवाल्या बाईंनी पहिल्या चौकोनात खूण केली आणि शेरा लिहिला: ‘मालकिणीचे पाय उत्तम.’ मावशीने दोरीपलीकडे डोळे पुसले आणि डोळ्यांत गवत गेल्याचं जवळच्या खांबाला सांगितलं.

“मॅडम—” मागून आवाज आला.

“मॅडम काय? संपली ना परीक्षा.”

“मग काय म्हणू?”

“आधी ‘तू’ म्हणून बघ.” ती वळली. मग तिची नजर खाली गेली. “खिसा का फुगलाय?”

“आज खाऊ आहे. टाचणीला बक्षीस.”

“निकाल आधीच माहीत होता?”

“संशयास्पद आहे का?”

“फारच.”

“मग तूच तपास,” मास्तर म्हणाला.

तिने खिशात हात घातला. एक तुकडा निघाला, तो टाचणीला मिळाला. हात पुन्हा आत गेला; तिथे दुसरा एक हात आधीच येऊन थांबला होता, आणि त्याची कसून चौकशी होणं भाग होतं.

मावशीने दोघांच्या चार पायांकडे पाहिलं, माप जुळल्यासारखी मान हलवली आणि पट्टा अडकवला.

“चल गं टाचणी,” ती म्हणाली. “यांना वेळ लागेल.”