सरळ दिवा

वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं एफी शेजारच्या ग्रिझेलबाईंकडे शिरली. साखर तिच्या घरी डबाभर होती. पण नदीकाठच्या ग्रीनॉक गावातल्या त्या जोडघरांच्या रांगेत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय एफीला घास गोड लागत नसे. शिवाय आज कामही होतं. ग्रिझेलबाईंचा मुलगा डूगल एफीच्या घरी येऊन बसला होता. "आईला भ्रम झाला असेल, तर आजच वेड्यांच्या इस्पितळात नेतो. तुम्हीच बघून सांगा," म्हणाला होता.

ग्रिझेलबाईंनी 'ग्लेनारन'वर बायकांच्या केबिनी सांभाळल्या होत्या. याच नदीकाठी बांधलेली आगबोट. शिडं होती, वाफही होती. उभ्या हयातीत तिनं देश सोडणाऱ्यांना अमेरिकेला पोचवलं, म्हातारपणी गुरं वाहिली, आणि गेल्या हिवाळ्यात याच काठी मोडीत निघाली. लिलावातून बाईंनी जेवणाच्या दालनातला टांगता दिवा तेवढा आणला.

बाहेर लख्ख ऊन, वाऱ्याचं नाव नाही. बाई मात्र टेबलावर ओलंचिंब कापड अंथरत होत्या.

"हे काय हो, ग्रिझेलबाई?"

"कप घसरू नयेत म्हणून. ती आली की करावंच लागतं. बस. नाक खुपसायला आलीस, तर नीट तरी खुपस!"

"ती कोण?"

बाईंनी नुसता चहा ओतला. कुठूनसा कोळशाचा, ओल्या लोकरीचा वास आला. जमिनीखाली खोल काहीतरी धडधडू लागलं... सावकाश, दमानं. छताला टांगलेला तो दिवा कलला. आणि कललेलाच राहिला.

"दिवा... वाकडा झालाय..."

"सगळे उतारू हेच म्हणायचे," बाई हसल्या. "दिवा सरळच असतो, एफे. कलतं ते घर."

एफीनं कपात पाहिलं. चहा एका कडेला चढला होता.

"अहो, पण बोट तर मोडली ना...?"

"मोडली गं. पण तिला कुणी सांगितलंय?"

एफी साखर न घेताच परतली.

"फिरलंय ना डोकं?" डूगलनं विचारलं.

"तुझी आई ठणठणीत आहे. तू आपला घरी जा."

डूगल कोट घ्यायला वळला, आणि त्याचा हात तसाच राहिला. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. तिच्यावरच्या खुंटीला टांगलेल्या कोटाची किनार भिंतीपासून वीतभर सुटून हवेत उभी होती... हलत नव्हती.

एफीनं टेबलावरचं कापड ओढून काढलं आणि बादलीत बुडवलं.